नऊच्या आत पोचायचं पार्सल

कोपनहेगनमध्ये मूल आधी सायकल शिकतं आणि मग, सवड मिळाली तर, चालायला शिकतं. तिथल्या सुइणींना म्हणे बाळाच्या मुठीतून आधी हँडल सोडवून घ्यावं लागतं, नाळेचं नंतर बघतात. अशा शहरात गुड्रुन पन्नास वर्षं राहिली आणि तिला सायकल येत नव्हती. ही गोष्ट तिचा नवरा थोरकिल सोडला तर एकाही जिवंत माणसाला ठाऊक नव्हती.

दोष तिचा नव्हता. ती दीपगृहवाल्याची मुलगी. ज्या खडकावर ती वाढली तो एवढासा होता, की सायकलवर बसून पहिलं पॅडल मारलं असतं तर दुसरं समुद्रात पडलं असतं. होडी मात्र ती चौथ्या वर्षापासून वल्हवायची. लग्न होऊन शहरात आली आणि पहिल्याच आठवड्यात शेजारणी विचारू लागल्या, की तुझी सायकल कुठाय? तेव्हा तिने एक हिरवी सायकल घेतली, पुढे टोपली अडकवली आणि हाताने ढकलत बाजारात निघाली. बघणाऱ्यांना वाटायचं, बाई आत्ताच उतरली. नाहीतर वाटायचं, आता बसेल. अशी ती पन्नास वर्षं आत्ताच उतरलेली किंवा आता बसणारी होती. ढकलून ढकलून तिने टायरांच्या तीन जोड्या झिजवल्या, पण सीटवरचं दुकानातलं प्लास्टिक जसंच्या तसं होतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, उन्हाने कातडं तडकतं ना, म्हणून ठेवलंय.

थोरकिल त्याच शहरात चाळीस वर्षं सायकलवर टपाल वाटत होता. बर्फ असो, वारा असो, त्याचं एकही पार्सल कधी उशिरा पोचलं नाही. एकदा तर म्हणे वादळात वारा इतका होता, की पत्र त्याच्या आधी पोचलं आणि त्याला मागून जाऊन सही घ्यावी लागली. पण गेल्या उन्हाळ्यात त्याच्या दोन्ही खुब्यांनी एकाच दिवशी राजीनामा दिला. तेव्हापासून दोन काठ्यांवर पलंग ते खिडकी एवढाच त्याचा प्रवास. खिडकीत बसून तो खालून जाणाऱ्या पोस्टमनच्या चुका मोजायचा, आणि त्या संपल्या की बागेविषयी बोलायचा.

बाग आमागेर बेटावर होती. तिथे 'आळशी गोगलगाय' नावाची बागवसाहत आहे. शहरातल्या लोकांच्या ऐंशी चिमुकल्या बागा, प्रत्येकीत एक लाकडी घरकुल. थोरकिलची बाग त्याच्या बापाची. बापाने लावलेलं सफरचंदाचं झाड, बापाने ठोकलेलं बाक. थोरकिलचा जीव त्या बाकावर होता. घरी खिडकीत बसायचं ते नुसतं शरीर. हे गुड्रुनला दिसत होतं.

मे महिन्यात वसाहतीच्या अध्यक्षाचं, वेर्नरचं पत्र आलं. वर्षातून दोन रविवार सगळ्या सभासदांनी मिळून वसाहतीचं काम करायचं असतं. सकाळी नऊला झेंड्याच्या खांबापाशी हजेरी, दुपारपर्यंत मेहनत, मग जेवण. थोरकिलचे गेल्या वर्षीचे दोन्ही रविवार चुकले होते. ओळीने तिसरा चुकला की बाग जाणार. यादीतला पुढचा माणूस बावीस वर्षं वाट बघत उभा होता, आणि तो आता बसायला तयार नव्हता.

गुड्रुनने फोन केला. म्हणाली, मी येते त्याच्याऐवजी, दोन माणसांचं काम करते. वेर्नर म्हणाला, सभासद थोरकिल आहे. तू फावडं घेऊन आलीस तरी पाहुणीच. वेर्नर तसा वाईट नव्हता. लोक कुत्री पाळतात, त्याने नियम पाळले होते, आणि रोज संध्याकाळी तो त्यांना फिरवून आणायचा. हातात एक काठी असायची, तिच्यावर एक मीटर ऐंशीला लाल खूण. ज्याच्या झुडपांचं कुंपण त्या खुणेच्या वर गेलं त्याची झोप गेली.

टॅक्सी वसाहतीच्या फाटकापर्यंतच जाते. तिथून खांबापर्यंत सहाशे पावलं बारीक खडीचा रस्ता. चाकाच्या खुर्चीची चाकं त्या खडीत रुततात, हे वेर्नरलाही माहीत होतं. शिवाय थोरकिलने खुर्चीत बसायला साफ नकार दिला होता. "पेशंट म्हणून मी बापाच्या बागेत जाणार नाही," तो म्हणाला. "पार्सल म्हणून जाईन. पार्सलाला मान असतो."

गुड्रुन खिडकीतून खाली बघत होती. खाली इमारतीच्या मधल्या अंगणात, सायकलींच्या रांगेच्या टोकाला, त्यांच्या मुलाची, ट्रोल्सची, पेटीची तीनचाकी उभी होती. पुढे दोन चाकांवर लाकडी पेटी, मागे एक चाक, त्यावर सीट. याच पेटीत बसवून ट्रोल्सच्या तिन्ही मुलांना त्याच्या बायकोने शाळेत पोचवलं होतं. आता मुलं मोठी झाली होती आणि पेटीत पावसाचं पाणी आणि एक बेवारशी मोजा होता. अंगणाच्या कमिटीने तिच्या चाकातून कागदी पट्टी ओवली होती. सोमवारपर्यंत पट्टी तुटली नाही, म्हणजे चाक फिरलं नाही, तर गाडी भंगारात जाणार.

"पार्सल कितीचं भरेल?" गुड्रुनने विचारलं.

"बासष्ट किलो. काठ्या धरून," थोरकिल म्हणाला.

शनिवारी तालीम ठरली. ट्रोल्स आला. रविवारी नाश्त्याच्या आधी शंभर किलोमीटर मारणारा माणूस. अंगात असली पँट, की आत श्वास घ्यायला परवानगी काढावी लागावी. आई म्हणाली, मी चालवते. तो हसला. म्हणाला, आई, बाबांना घेऊन पूल ओलांडायचाय, हे काम येरागबाळ्याचं नाही, मी नेतो. बाबांच्या जागी तालमीपुरतं साठ किलो बटाट्यांचं पोतं ठेवा.

पोतं ठेवलं. ट्रोल्स बसला. पट्टी फाटली, कमिटीचं नाव दोन तुकड्यांत अंगणभर उडालं. दहा पावलं गाडी झोकात गेली. मग कचऱ्याच्या डब्यांपाशी उजवीकडे वळायचं होतं, आणि ट्रोल्सने चाळीस वर्षं जे केलं तेच केलं: अंग उजवीकडे झुकवलं. दोन चाकांवरचा माणूस अंगाने वळतो. हँडल त्याच्या हातात नावापुरतं असतं, उलट, उजवीकडे वळताना तो नकळत ते जरा डावीकडेच दाबतो. दोन चाकांना ते कळतं. तीन चाकांना अंगाची भाषा कळत नाही, त्यांना हँडलने सांगाल तेवढंच कळतं. ट्रोल्स उजवीकडे झुकला, गाडी डावीकडे निघाली. तो घाबरून आणखी झुकला, गाडी आणखी डावीकडे. डबे आडवे झाले, दोऱ्यांवरच्या चादरी अंगावर आल्या, आणि चादरींत गुंडाळलेला शंभर किलोमीटरवाला लहान मुलांच्या वाळूत जाऊन थांबला. बटाटे पुढचे तीन दिवस तळघरापर्यंत सापडत होते.

"गाडी बिघडलीये," वाळूतून आवाज आला.

खिडक्या उघडल्या. मग जो तो खाली आला. तिसऱ्या मजल्यावरची बाई, जी सायकलवर चेलो या मोठ्या वाद्याची उभी पेटी, दोन मुलं आणि नाताळचं झाड एका खेपेत नेते, ती अंजिराच्या कुंडीत गेली. हात सोडून चालवत पेपर वाचणारे तळमजल्यावरचे गृहस्थ स्वतःच्याच दारातून स्वतःच्याच स्वयंपाकघरात शिरले. एकेकाला सायकल जितकी छान येत होती तितका तो लांब जाऊन आदळला. सगळ्यांनी एकमताने सांगितलं, की हे वाहन माणसासाठी नाही.

"आता मी," गुड्रुन म्हणाली.

ट्रोल्स डोक्यावरची वाळू झाडत म्हणाला, की आई, वेडेपणा करू नकोस, इतक्या जणांना जमलं नाही. गुड्रुनने स्कर्ट गोळा केला आणि सीटवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती पॅडलवर पाय ठेवत होती आणि हे फक्त वरच्या खिडकीतल्या थोरकिलला कळत होतं. तो काठ्या टेकून उभा राहिला होता.

पहिली गोष्ट तिला जाणवली ती म्हणजे गाडी पडत नाही. पन्नास वर्षं ती ज्याला भीत होती ते पडणं इथे नव्हतंच. गाडी तिच्याखाली गायीसारखी उभी होती. दुसरं, पुढे पेटी एवढी रुंद, की पुढची चाकं दिसतच नाहीत, होडीचं नाक दिसतं तसं फळीचं टोक दिसतं. तिसरं, अंगणाच्या फरशीला मोरीकडे एवढासा उतार होता, दोन चाकांना तो कधी कळला नसता, पण ही गाडी त्याच्याकडे ओढ घेत होती. ओढ म्हणजे ओहोटी. ओहोटी गुड्रुनला ठाऊक होती. तिने हँडल उताराच्या उलट धरून ठेवलं, ओहोटीत होडी धरतात तसं, आणि वळायच्या जागी आख्खी पेटी हळूच ओढून घेतली. गाडी वळली. डब्यांना वळसा, अंजिराला वळसा, वाळूत बसलेल्या मुलाला वळसा. तीन फेऱ्या झाल्या तरी ती उतरली नाही.

"आई, तुला हे कसं जमलं?" ट्रोल्सने विचारलं.

"तुम्हाला आधी सवयी मोडायच्या होत्या," ती म्हणाली. "मला एकही नव्हती."

त्याला याचा अर्थ लागला नाही. वर थोरकिल मात्र हसून हसून खिडकीच्या चौकटीला धरून राहिला.

रविवारी सकाळी पावणेआठला पार्सल पेटीत बसलं. पाठीला दोन उशा, गुडघ्यावर घोंगडी, मांडीत जेवणाचा डबा, हातात कुंपण कापायची लांब कात्री, डोलकाठीसारखी उभी. ट्रोल्स म्हणाला, मी मागून येतो. कशाला, ते त्याने सांगितलं नाही. बहुतेक तुकडे गोळा करायला.

सायकलींच्या पट्ट्यात गुड्रुन शिरली आणि पट्टा भरून गेला. मागून घंटा वाजू लागल्या. पट्ट्यात पहिल्यांदाच आलेल्या माणसाला त्या घंटा टाळूवर पडल्यासारख्या वाटतात. एक दाढीवाला ओरडून गेला, की आजी, उजवीकडे घे. गुड्रुन उजवीकडेच होती. उजवीकडे आणखी जागा हवी तर शहर रुंद करावं लागलं असतं. ती हलली नाही. थोरकिल पेटीतून मागे न बघता सांगत होता, की पुढे खड्डा, पुढे बस, हा कोपरा फसवा आहे, इथे मला बहात्तर साली कुत्रा चावला होता.

पुलाच्या चढावर ती इतकी सावकाश चालली होती, की एक बदक चालत मागून आलं, बाजूने पुढे गेलं आणि वरच्या टोकाला थांबून वाट बघत बसलं. थोरकिल म्हणाला, उतर आणि ढकल, सगळेच ढकलतात इथे. गुड्रुनला उत्तर द्यायला श्वास नव्हता. तिने नुसतं नाही म्हणून मान हलवली, पण तो पुढे तोंड करून बसला होता, म्हणून त्याला ते कळलं नाही. गाडी थांबली नाही एवढं कळलं. उताराला मात्र पेटीने वारा असा धरला, की थोरकिलची घोंगडी शिडासारखी फुगली, आणि मघाशी ओरडून गेलेला दाढीवाला खाली मागे पडला. जाता जाता थोरकिलने त्याला टोपी काढून नमस्कार केला.

नऊला तीन मिनिटं असताना फाटक आलं. फाटकावर पाटी होती: सायकली हाताने ढकलत न्याव्यात. पाटीखाली वेर्नर, बगलेत हजेरीची वही, हातात लाल खुणेची काठी रस्त्यावर आडवी.

"उतर, गुड्रुन," तो म्हणाला. "पाटी वाच. इथून ढकलायची."

सहाशे पावलं, तीन मिनिटं. ढकलत नेली तर दहा लागली असती, आणि वेर्नरला हिशेब येत होता. मागे ट्रोल्स येऊन उभा राहिला, तो निमूट उतरला देखील; सायकलवाल्याला पाटी दिसली की त्याचा पाय आपोआप खाली येतो. थोरकिलने कात्री मांडीत आडवी केली आणि डोळे मिटून घेतले.

गुड्रुनने पॅडलवरचा पाय काढला नाही. शहरात येऊन पन्नास वर्षं झाली, आणि ज्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं तेच तिला करायला सांगत होते.

"वेर्नर," ती म्हणाली, "पन्नास वर्षं मी सायकल ढकलतेय. रोज. बाजारात, पोस्टात, चर्चमध्ये. मला सायकल येतच नाही, ऐक नीट, कधी आलीच नाही. काल पहिल्यांदा बसले. आता मी उतरणार नाही. काठी तुझी आहे, पाय तुझे आहेत, काय वाचवायचं ते बघ."

आणि तिने पॅडल मारलं.

वेर्नरने पाय वाचवले. तो बाजूच्या चरात उतरला, काठी मात्र चाकाखाली कडकन वाजली आणि वाचली. खडी दोन्ही बाजूंना पाण्यासारखी फाकली. कुंपणावरून माना वर आल्या. खांबापाशी ऐंशीजण कॉफीचे कप घेऊन उभे होते, ते दोन्हीकडे झाले, आणि मधून लाकडी पेटी, पेटीत पोस्टमन, झेंड्याच्या खांबाला एक वीत ठेवून थांबली. घड्याळात नऊचे ठोके पडत होते. वही घेऊन धापा टाकत वेर्नर पोचला तेव्हा ठोके संपून चार मिनिटं झाली होती. उशिरा येणारा गैरहजर, हा नियम त्याचाच. पण त्या दिवशी त्याने तो फिरायला काढला नाही.

त्याने नावं वाचली. थोरकिलच्या नावापाशी जरा थांबून वाचलं.

"पोचलं," थोरकिल पेटीतून म्हणाला.

वेर्नर म्हणाला, नुसतं येऊन बसणं म्हणजे हजेरी नव्हे, दुपारपर्यंत कामही हवं. मग त्याने चौफेर बघितलं आणि सगळ्यांत अवघड काम थोरकिलला दिलं: मुख्य रस्त्याच्या कडेचं सामाईक कुंपण, आख्खं. लोक कुजबुजले. शिडीवर चढून दोन धडधाकट माणसं करतात ते काम. "माझ्या खुणेच्या वर एक पान दिसता कामा नये," वेर्नरने काठी रोवून सांगितलं. "खाली किती घ्यायचं ते तुझं तू बघ." मग बाकीच्यांना घेऊन तो वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला चर उपसायला गेला. ट्रोल्सलाही फावडं देऊन बरोबर नेलं.

थोरकिलचे खुबे गेले होते, हात शाबूत होते. चाळीस वर्षं पत्रं उपसलेले हात. बसल्या जागी कोपर सरळ होईल तिथे त्याने कात्री लावली, आणि गुड्रुनने पाऊण पॅडल मारलं. कात्री, पाऊण पॅडल. कात्री, पाऊण पॅडल. तीनचाकी पडत नाही, झुकत नाही, म्हणून कात्री कागदावर रेघ ओढावी तशी सरळ चालत होती. पेटीत बसलेल्या माणसाचा हात शिडीवरच्या माणसाएवढा वर जात नाही. कुंपण जाणत्या माणसाच्या छातीएवढं होत गेलं. शेवटच्या टोकाला वेर्नरच्या बागेपाशी ते सगळ्यात दाट होतं. थोरकिल एकदा थांबला, पानांतून आत बघितलं आणि मागे वळून बायकोकडे बघितलं.

"कापू?"

"खालची खूण कुठे आहे?" गुड्रुनने विचारलं. आणि पाऊण पॅडल मारलं.

दुपारी चिखलाने माखलेले ऐंशीजण फावडी घेऊन परत आले आणि रस्त्यातच उभे राहिले. घरकुल किती मोठं असावं याचा वसाहतीत कडक नियम आहे. एका बाईला तर कोंबड्यांचं खुराडं दोन वितींनी कापावं लागलं होतं. आणि आता कुंपणापलीकडे वेर्नरचं घरकुल सगळ्यांसमोर होतं. त्याला अकरा वर्षांत तीन खोल्या फुटल्या होत्या, एक काचेचा व्हरांडा, आणि मागे धुराडं असलेली बाष्पस्नानाची खोली. खुराडंवाली बाई पुढे गेली, कुंपणावर कोपरं टेकली आणि खूप वेळ बघत राहिली.

वेर्नरने काठी कुंपणाला लावली. लाल खूण कुंपणाच्या खूपच वर होती. एक पानही वर नव्हतं.

"झालं का काम?" गुड्रुनने सीटवरूनच विचारलं.

वेर्नरने वही उघडली आणि थोरकिलच्या नावापुढे बरोबरची खूण केली. जेवताना काळ्या पावावर लोणच्यातली हेरिंग मासळी आली, मग श्नॅप्सची दारू आली, आणि लोक एकेक करून पेला घेऊन पेटीपाशी येत गेले. वेर्नरच्या शेजारी कुणी बसेना. शेवटी थोरकिलनेच त्याला हाक मारून पेला दिला आणि विचारलं, की आंघोळीच्या खोलीत किती जण मावतात? दुपारभर थोरकिल बापाच्या बाकावर बसून होता. सफरचंदाला फुलं आली होती. तो पोस्टमनच्या चुकांविषयी एक शब्द बोलला नाही.

सोमवारी कमिटीचा माणूस तीनचाकी न्यायला अंगणात आला. पट्टी नव्हती आणि चाकांना आमागेरची खडी चिकटली होती. गुड्रुन जिन्यातून हिरवी सायकल घेऊन खाली आली, आणि ती त्याच्यापुढे उभी केली. म्हणाली, ही घेऊन जा.

त्याने सायकल फिरवून बघितली. टायर गुळगुळीत, सीटवर मात्र प्लास्टिक. तो चक्रावला. म्हणाला, ही तर झिजलेलीही आहे आणि नवीही आहे, चालवली कधी?

चारी बाजूंच्या खिडक्या उघड्या होत्या. चेलोवाली बाई कुंडीत अंजिराला काठी बांधत होती, तिने मान वर केली.

"कधीच नाही," गुड्रुन म्हणाली, वरच्या मजल्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आणि आता सरक. पार्सल खाली येतंय, आम्हाला बागेत जायचंय."